चिवितावेक्कियाला बोट लागणार, एका दिवसात रोम: आगगाडी, व्हॅन की बोटीचीच बस?

केळीचं_पान (जळगाव)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही क्रूझला जातोय. मी, नवरा, सासू-सासरे आणि दहा वर्षांचा मुलगा. बार्सेलोनाला चढायचं, मग मार्सेय, जिनोआ, रोम, पालेर्मो, ट्यूनिस आणि परत बार्सेलोना.

कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' छापलंय, पण बोट लागते चिवितावेक्कियाला. नकाशा उघडला तर रोम तिथून ७०-८० किलोमीटर. म्हणजे जळगावला उतरवून "हे आलं धुळे" म्हणण्यातला प्रकार!

सकाळी ७ ला बोट लागणार, संध्याकाळी ७ ला सुटणार, ६:३० च्या आत सगळ्यांनी वर. बोटवाले नुसतं बसने रोमला सोडून परत आणायचे माणशी ८० युरो सांगतायत. गाइड नाही, जेवण नाही, कसलं तिकीट नाही. पाच जणांचे ४०० युरो. सासरे म्हणाले, एवढ्यात इथे गल्ली जेवेल.

रेल्वेने जाता येतं असं ऐकलंय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, हळूहळू चालतात, पण चालतात. कोणी स्वतः गेलंय का? आणि सगळ्यात मोठी भीती: बोट चुकली तर?

---

लळिंग (धुळे)

वाचतोय. आमचंही पुढच्या वर्षी घाटतंय.

---

अमयनेरवाला

ताई, एवढा इचार कसाले करी ऱ्हायनात? रेल्वे शे, टिकिट शे. जावानं आनि येवानं.

---

यार्डमास्तर (भुसावळ)

अमयनेरवाला दादा, जावानं सोपं शे, येवानं कठीन शे. म्हणून आधी येण्याचं बघू.

मी रेल्वेतून निवृत्त. सौ. आणि मी हा प्रवास आगगाडीनेच केला. ताई, सविस्तर लिहितो, घाई नसेल तर वाचा.

मोठ्या बोटी लांब धक्क्यावर लागतात आणि बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत. बोटीतून उतरलं की समोर बंदराची फुकट शटल बस उभी असते. ती तुम्हाला लार्गो देल्ला पाचे नावाच्या चौकात आणून सोडते. तिथे माहिती केंद्र आहे, तिकिटाच्या खिडक्या आहेत आणि स्टेशनची बस मिळते. तिला थोडे पैसे पडतात. पायी गेलात तर समुद्राच्या कडेने वीस-पंचवीस मिनिटं. रस्ता सपाट आहे, पण सासऱ्यांचे गुडघे सकाळीच खर्च करू नका, ते दुपारी लागणार आहेत. बस घ्या.

स्टेशनवर दोन प्रकारच्या गाड्या. एक रेजिओनाले, म्हणजे आपली साधी गाडी. भाडं ठरलेलं, साधारण ४.६० युरो एका बाजूचं. आज काढा नाहीतर महिनाभर आधी, तेवढंच. आरक्षण नसतं, मिळेल तिथे बसायचं. दुसऱ्या इंटरसिटी वगैरे. त्या थोड्या लवकर पोचवतात, पण भाडं बरंच जास्त, तिकीट त्या एकाच गाडीचं आणि व्हॅटिकनजवळच्या स्टेशनला त्या सहसा थांबत नाहीत. तुमच्या कामाची साधी गाडीच.

साध्या गाडीची स्टेशनं क्रमाने लक्षात ठेवा: सान पिएत्रो (व्हॅटिकन इथून पायी पंधरा मिनिटं), त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तुस्कोलाना, तेर्मिनी (रोमचं मुख्य स्टेशन). सान पिएत्रोला पाऊण तास ते तास, तेर्मिनीला सव्वा तासाच्या आसपास. भुसावळ-नाशिक पॅसेंजरने आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रवास म्हणजे डोळा लागायच्या आत संपतो.

आता तिकीट. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यायचा. हे राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड. आमच्या डब्यात एक जोडपं नवंकोरं तिकीट दाखवत होतं आणि टीसी शांतपणे पावती फाडत होता. जगात कुठेही टीसी ओळखू येतो. मोबाइलवर तिकीट काढलं तर यंत्र नको, पण गाडीत बसण्याआधी त्यात 'चेक-इन' करावं लागतं. जाताना एकदा, येताना एकदा.

बीर्ग नावाचा दिवसभराचा पासही मिळतो, १२ युरोच्या आसपास. त्यात साधी गाडी आणि रोममधली मेट्रो, बस, ट्राम सगळं येतं. पासावर आपलं नाव आणि जन्मतारीख लिहायची. पण हिशोब करा: येण्या-जाण्याचे ९.२०, मेट्रोचं एक तिकीट १.५०, झाले १०.७०. दिवसात मेट्रो किंवा बस एकदाच पकडणार असाल तर सुटी तिकिटं परवडतात. दोनदा-तीनदा चढणार असाल तर पास.

येण्याचं उद्या लिहितो, सौ. जेवायला बोलावतेय.

---

केळीचं_पान

काका, खूप खूप आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो यांना नमस्कार सांग आणि उद्याची पोस्ट चुकवू नकोस.

---

तापीकाठ (शिरपूर)

काकांचं सगळं बरोबर, पण पाच माणसं आणि त्यात दोन वयस्क, हे गणित वेगळं आहे. आम्ही सहा जण होतो, खाजगी व्हॅन घेतली. चारशे युरोंच्या पुढे गेले, म्हणजे बोटीच्या बसइतकेच, पण गाडी धक्क्याजवळ आली, आईला कुठेही जिना चढावा लागला नाही, कोलोसियमपासून त्रेवीच्या कारंज्यापर्यंत ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी जवळात जवळ सोडत होता.

एकच त्रास झाला तो लिहिते. ज्याच्याकडून बुक केलं (नाव नको) त्याने 'आठ तास' लिहिलं होतं आणि ते आठ तास आम्ही बोटीतून उतरल्यापासून मोजले. ड्रायव्हर चारला म्हणे वेळ संपली, पुढचे पैसे वेगळे. रस्त्यातच हुज्जत. तेव्हा घड्याळ कधी सुरू होतं, रस्त्याचा टोल आणि पार्किंग कोणाच्या माथी, हे लेखी घ्या.

रस्त्याने दीड तास धरा. रोमच्या तोंडाशी सकाळी गाड्या तुंबतात.

---

लळिंग

हे पण पटतंय. आता परत गोंधळ.

---

सारंगखेडा (सध्या मिलान)

मूळ नंदुरबारचा, नोकरीमुळे इटलीत. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो: शोपेरो. संप. इथे रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि आधी जाहीर करून होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात.

आता तुमच्या वेळेला हे लावून बघा. सकाळी रोमला पोचाल, पण येताना हमीच्या गाड्या सुरू होणार ६ ला आणि तुम्ही ६:३० ला बोटीवर हवात. म्हणजे त्या दिवशी संप जाहीर झाला असेल तर आगगाडीचा विचारच सोडा, चूपचाप बोटीची बस घ्या. बोटीवरच्या माहिती टेबलावर आदल्या रात्री विचारा, शिवाय मोबाइलवर तारीख आणि 'शोपेरो त्रेनी' शोधा.

ताई, तो दिवस कोणता वार आहे?

---

केळीचं_पान

बुधवार. का हो?

---

सारंगखेडा

मग ऐका. बुधवारी सकाळी पोप असतील तर सेंट पीटर्सच्या चौकात त्यांची सार्वजनिक भेट असते. हजारो लोक येतात, खुर्च्या मांडलेल्या असतात आणि बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, दुपारपर्यंत बंद. सकाळी आधी व्हॅटिकन उरकू असं ठरवलं असेल तर तो बेत मोडा. पोपना लांबून बघायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

बॅसिलिकेत जायला पैसे नाहीत, पण सुरक्षा तपासणीची रांग असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सासूबाईंची साडी चालेलच, मुलाची हाफ पँट गुडघ्याच्या वर असेल तर अडवतील. व्हॅटिकनची संग्रहालयं मात्र वेगळं तिकीट, वेगळं दार, निदान तीन तास. एका दिवसात हे आणि कोलोसियम दोन्ही करू नका. सासरेच काय, तुमचाही गुडघा बोलेल.

---

यार्डमास्तर

सारंगखेडा साहेबांनी फार कामाचं लिहिलं. आता येण्याचं.

दिवस सकाळपासून आखू नका, ६:३० पासून मागे मोजत या. ६:३० ला बोटीवर. बोटीच्या दारात तपासणीची रांग, लार्गो देल्ला पाचेहून शटल, स्टेशनहून बस, या तिन्हींत संध्याकाळी गर्दी, कारण चार बोटींची माणसं एकाच वेळी परततात. या सगळ्याला एक तास. म्हणजे चिवितावेक्किया स्टेशनवर साडेपाचला पाय टेकलेच पाहिजेत. त्यात एक गाडी रद्द झाली तर पुढची मिळावी एवढी जागा सोडा. मग तुमची गाडी ५ च्या आत तिथे लागणारी हवी. म्हणजे सान पिएत्रोहून चारच्या सुमारास निघणारी. पाचची 'पण चालेल' म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

आणि बुधवार असल्यामुळे तुमचं काम सोपंच झालं. व्हॅटिकन शेवटी ठेवा. सकाळी सरळ ओस्तिएन्सेला उतरा. त्याला लागूनच पिरामिदे हे मेट्रोचं स्टेशन, बी लाइन. तिथून कोलोस्सेओ दुसरं स्टेशन. बाहेर पडलं की समोर कोलोसियम उभं. तेर्मिनीपर्यंत जायचं कारणच नाही. दुपारी टॅक्सीने पँथिऑन-त्रेवीकडे, तिथून टॅक्सीने व्हॅटिकन आणि मग पायी सान पिएत्रो. शहरात उलटसुलट फिरणं नाही.

---

तापीकाठ

काका, इथे मी थोडी भांडणार. परतीची गाडी सुटते तेर्मिनीहून. सान पिएत्रोला येईपर्यंत भरलेली असते आणि फलाटावर क्रूझवाल्यांचा घोळका. आम्ही नाही, पण बोटीवरची आमच्या टेबलची मंडळी पूर्ण रस्ता उभी राहून आली. गुडघेदुखीवाल्या माणसाने पाऊण तास दारात उभं राहायचं का?

---

यार्डमास्तर

मुद्दा खरा आहे. ओस्तिएन्सेला चढलात तर जागेची शक्यता बरी. पण व्हॅटिकनहून ओस्तिएन्सेला संध्याकाळच्या गर्दीत जायला जो अर्धा तास लागेल तो कुठून आणायचा? मी सान पिएत्रोच म्हणेन. डब्याच्या टोकाला घडीच्या खुर्च्या असतात, आणि वयस्क माणूस बघून तिकडची पोरं उठतात, आमचा अनुभव. फलाटाच्या मधोमध थांबू नका, एका टोकाला जा. मधल्या डब्यांवर सगळे तुटून पडतात.

---

तापीकाठ

टोकाच्या डब्याचं मान्य. बाकी मी व्हॅनवरच ठाम.

---

अमयनेरवाला

रेल्वेवाला माणूस रेल्वेच सांगी. 😄

---

पाटणादेवी (चाळीसगाव)

थोडं वेगळं सुचवते, रागावू नका. एवढी धावपळ करून रोमचं काय दिसणार? चिवितावेक्कियाहून त्याच आगगाडीने उलट दिशेला, उत्तरेकडे, तार्किनिया आहे. पंधरा-वीस मिनिटं. तिथे एत्रुस्कन लोकांची रंगवलेली थडगी आहेत. जमिनीत उतरून काचेआड बघायची: मेजवानीत आडवे रेललेले पाहुणे, बासरीवाले, नाचणाऱ्या बायका, मासे धरणारी पोरं. रोमचं साम्राज्य उभं राहण्याच्या कितीतरी आधीची, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. आम्हा चाळीसगाव-जळगावकडच्यांना अजिंठा उशाशी आहे, अंधारातल्या भिंतीवरचा रंग कसा बघायचा याची सवय डोळ्यांना असते. गर्दी नाही, रांग नाही, दोन-तीन वाजता बोटीवर परत.

फक्त स्टेशन गावापासून लांब आहे, तिथून बस घ्यावी लागते. आणि थडग्यांत उतरायला पायऱ्या आहेत.

---

केळीचं_पान

पाटणादेवी ताई, मला स्वतःला हे फार आवडलं. पण सासूबाईंनी सगळ्या भिशीत रोम सांगून ठेवलंय. आता तार्किनिया सांगितलं तर घरात राहणं कठीण.

---

पाटणादेवी

😂 मग रोमच!

---

मनुदेवी (यावल)

जेवणाचं लिहिते, कारण कोणी लिहीत नाही आणि तिथे गेल्यावर सगळे तेच विचारतात. शुद्ध शाकाहारी असाल तर रोमची ती प्रसिद्ध चीज-मिरीवाली पास्ता, काचो ए पेपे, दिसायला शाकाहारी, पण त्यातलं पेकोरीनो रोमानो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच ठरवा. सुप्प्ली नावाचे तळलेले भाताचे गोळे दिसतील, आपल्याला वाटतं आलू बोंडा, आत बहुतेक वेळा मांसाचा रस्सा. विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. मारिनारा पिझ्झ्यावर चीज नसतंच, टोमॅटो आणि लसूण. जैन मंडळींना तोही बाद.

पिझ्झा आल ताल्यो म्हणजे मोठ्या तुकड्यातून कापून वजनावर विकतात. बोटाने दाखवायचं इतका, की तो सुरी तिथे ठेवून विचारतो, आपण मान हलवायची. उभ्याउभ्या खाल्लं की वेळही वाचतो आणि पैसेही.

आम्ही दशम्या नेल्या होत्या, तेलावरच्या. दुधातल्या नेऊ नका, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे. सोबत लसूण-शेंगदाण्याची चटणी. बोटीवरचं जेवण उचलून बाहेर न्यायला सहसा मनाई असते, आपलं बंद पुडीतलं खाऊ बहुधा अडवत नाहीत. पाण्याची बाटली रिकामी न्या. रस्त्यारस्त्यावर सतत वाहणारे लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात, पाणी पिण्याचं आणि गार.

---

लळिंग

अवांतर: मुंबई-गोवा क्रूझला असंच करता येतं का? मुरगावला उतरून पणजी?

---

तापीकाठ

येतं की. मुरगाव ते पणजी तीसेक किलोमीटर, झुआरीवर नवा पूल झाल्यापासून तिथला खोळंबाही कमी झालाय. बंदराबाहेर टॅक्सी, परतीसकट भाडं आधी ठरवा. पण त्याचा वेगळा धागा काढा ना, इथे ताईंचा विषय राहू दे.

---

सारंगखेडा

कागदपत्रांचं राहिलं. ताईंच्या मार्गात ट्यूनिस आहे. ट्यूनिशिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतात ते युरोपातले देश) नाही. म्हणजे पालेर्मोहून निघालात की शेंगेनच्या बाहेर आणि बार्सेलोनाला परत आत. तुमचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा. सिंगल असेल तर बोटवाले बार्सेलोनाला चढूच देणार नाहीत. अर्ज भरताना पूर्ण मार्ग जोडा. विमा निदान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो, तो करालच.

काही बोटींवर आपल्या लोकांचे पासपोर्ट सुरुवातीला जमा करून घेतात. तसं झालं तर उतरताना निदान रंगीत प्रत आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. कोलोसियमचं तिकीट आता नावावर असतं, दारात ओळखपत्र बघतात. १८ च्या खालच्यांना प्रवेश फुकट, पण मुलाचंही शून्य रकमेचं तिकीट काढावं लागतं. तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि झटकन संपतात. अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

---

केळीचं_पान

व्हिसाचं वाचून पोटात गोळा आला. एजंटने सिंगलचाच फॉर्म भरला होता! आत्ताच फोन केला, बदलतोय म्हणाला. सारंगखेडा दादा, तुम्ही ट्यूनिस वाचलंत म्हणून वाचलो.

आणि बोट चुकली तर? कोणीच सांगत नाही.

---

यार्डमास्तर

सांगतो. बोटीनेच विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते, किंवा त्या लोकांना पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी बोटवाल्यांची. त्या ८० युरोंतले बरेच याचेच आहेत. स्वतःच्या जबाबदारीने गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. मग पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. तुमच्या बाबतीत पुढचं पालेर्मो, म्हणजे इटलीतच, रोमहून विमानाने तासाभराच्या आसपास. पासपोर्ट बोटीवर असेल तर तो बहुधा बंदरातल्या एजंटकडे उतरवून ठेवतात. बोटीवर रोज संध्याकाळी पुढच्या दिवसाचा कागद मिळतो, त्यावर एजंटचा फोन छापलेला असतो. उतरायच्या आधी त्या कागदाचा फोटो काढा. पुढचं बंदर ट्यूनिस असतं तर मीसुद्धा तुम्हाला बोटीचीच बस घ्या म्हणालो असतो.

---

तापीकाठ

सोनं! सासूबाईंना सांगा, जळगावचं सोनं जळगावातच ठेवा. व्हॅटिकन-तेर्मिनी जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रो खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहेत. पोत काळ्या मण्यांची साधी. पर्स पुढे. मेट्रोच्या दारात कोणी मुद्दाम दाटीवाटी केली तर चढू नका, पुढची येते.

---

मनुदेवी

+१. माझी ओढणी पण पिन लावून ठेवली होती मी.

---

केळीचं_पान

सगळ्यांचं वाचून घरात बैठक झाली. ठरलं ते असं:

जाताना आगगाडी, ओस्तिएन्से, मेट्रोने कोलोसियम. अकराचं तिकीट काढणार. फोरममध्ये (कोलोसियमशेजारचे प्राचीन अवशेष) चालायचं नाही, वरून बघायचं. टॅक्सीने पँथिऑनकडे (पाच जण बसतील अशी मोठी मागवायची), तिथेच पिझ्झ्याचा तुकडा, त्रेवी सासऱ्यांना जमलं तर. दोनला व्हॅटिकन. रांग फार लांब असेल तर बाहेरूनच नमस्कार. साडेतीनला तिथून निघायचं, चारच्या सुमाराची गाडी. व्हॅटिकन संग्रहालय रद्द. संप असेल तर सगळं रद्द आणि बोटीची बस.

सासरे एका अटीवर तयार झालेत: परतीच्या गाडीत यार्डमास्तरांनी सांगितलेलाच टोकाचा डबा. आता विचारतायत, पुढचं टोक की मागचं?

---

यार्डमास्तर

त्यांना सांगा, सान पिएत्रोला आत शिरल्यावर जिन्यापासून जे टोक लांब असेल ते. पण वयाला तेवढी चाल जड जात असेल तर गाडीच्या वेळेआधी वीस मिनिटं पोचा आणि सावकाश जा. येताना तिकिटावर शिक्का उमटवायला विसरू नका, जातानाचा येताना चालत नाही.

---

अमयनेरवाला

ताई, फोटो टाकज्यात. आनि सासराबाले म्हनज्यात, टीसीसंगे हुज्जत घालज्यात नका.